डावीकडच्याने फासा वाचायचा

माझ्या वडिलांनी न्हाव्याच्या दुकानावर गाडी चढवली तेव्हा आत एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झाली होती. गाडीने पायरी ओलांडली, बाहेरचं बाकडं आडवं केलं आणि काचेला नाक टेकवून ती थांबली. काचेच्या पलीकडे वीतभरावर त्या गिऱ्हाइकाचे गुडघे होते. न्हावी मोठा धीराचा माणूस. त्याने वस्तरा गळ्यावरून उचलला, काचेतून बाबांकडे बघितलं आणि आडव्या बाकड्याकडे बोट केलं, म्हणजे नंबर लावा.

बाबांनी घरी येऊन सांगितलं की ब्रेक घसरला. गॅरेजवाल्याने सांगितलं की ब्रेक ठणठणीत आहे. मग बाबांनी सांगितलं की गॅरेजवाला गाढव आहे आणि विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता संपला.

आमचे बाबा चौतीस वर्षं बस चालवत होते आणि चौतीस वर्षांत बसला एक ओरखडा नाही, हे ते ओळख झाल्यावर दुसऱ्या वाक्यात सांगतात. पहिलं वाक्य समोरच्याला बोलू देतात. आई त्यांच्याच बसवर कंडक्टर होती. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. लग्न झालं, दोघं निवृत्त झाली, बस गेली, पण घंटी आईच्याच हातात राहिली. आजही ती त्यांना 'ड्रायव्हर' म्हणते आणि ते तिला 'कंडक्टर'. आम्हा मुलांना लहानपणी वाटायचं की आपलं आडनाव डेपो असावं.

न्हाव्याच्या प्रकरणानंतर दादा आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. ठोकलेल्या गाड्या बघून विम्यासाठी नुकसान ठरवणं हा त्याचा धंदा, त्यामुळे त्याला धडधाकट गाडी दिसली तरी ती अजून ठोकायची राहिलीय एवढंच वाटतं. तो बाबांसमोर उभा राहिला आणि हात पुढे केला.

"बाबा, किल्ली द्या."

"कसली?"

"गाडीची. पुरे झालं आता. आज काच होती मधे."

"चौतीस वर्षांत..."

"बाबा, ते बसचं होतं. आणि तुम्ही आता शहात्तर वर्षांचे आहात."

"बस काय खेळण्यातली होती? आणि शहात्तर काय, इंजिन चालू आहे माझं. तुझंच पोट बघ, स्टिअरिंगला लागतं."

मी मधे पडले. मीही तेच म्हणत होते, फक्त गोड आवाजात. मी दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर माणसांच्या म्हातारपणाचं माप घेते, तेव्हा म्हाताऱ्यांशी कसं बोलावं हे मला कळतं असा माझा समज होता. बाबांनी मला दोन मिनिटं बोलू दिलं आणि मग म्हणाले, "तूही त्याच्याच बाजूची. ठीक. किल्ली पाहिजे ना? जिंकून घ्या. रविवारी, सर्किटवर. तुमच्यापैकी कुणीही पहिलं आलं तर किल्ली तुमची. मी पहिला आलो तर पुन्हा या घरात किल्ली हा शब्द काढायचा नाही."

आई खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. ती काहीच बोलली नाही. आई कधी काहीच बोलत नाही असं होत नाही, पण तेव्हा मला ते जाणवलं नाही. मी शर्यतीचा विचार करायला लागले होते.

'सर्किट' हा आमच्या घरचा खेळ. मी सात वर्षांची असताना कुणी प्रवासी ते खोकं बसमध्ये विसरला. सहा महिने डेपोत पडून राहिलं, कुणी मागायला आलं नाही, मग बाबांनी घरी आणलं. आत शर्यतीच्या रस्त्याचा पट, पत्र्याच्या पाच गाड्या आणि खड्ड्यांचे ठिपके असलेले तीन पांढरे लाकडी फासे. नियमांचं पुस्तक मात्र नव्हतं. मूळ खेळ कसा होता देव जाणे. आमचे नियम एका ड्रायव्हरने आणि एका कंडक्टरने जेवणाच्या टेबलावर बसून केले, त्यामुळे जगात दुसरीकडे कुठेही नसेल अशी शर्यत आमच्याकडे होते.

गिअर तीन. पहिल्या गिअरमध्ये एक फासा टाकायचा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. एका वेळी एकच गिअर वर किंवा खाली जायचं. प्रत्येक वळणावर लाल कडेची काही घरं आहेत, त्या घरांत एकदा तरी थांबायचंच. जोरात येऊन थांबलात नाही, तर जितकी घरं पुढे गेलात तितके टायर जळले. टायर म्हणजे आगपेटीच्या काड्या, प्रत्येकाला सहा. काड्या पुरल्या नाहीत तर गाडी रस्त्याबाहेर, खेळ खलास. इथवर समजण्यासारखं आहे. पण पुढच्या गाडीला ओलांडताना तोंडाने 'पों' म्हणायचं, नाहीतर एक डाव गेला. उताराच्या रस्त्यावर तिसरा गिअर बंद, कारण डेपोत तसा फलक होता. जो बाद झाला त्याने चहा करायचा. शर्यत दोन फेऱ्यांची, आणि दुसऱ्या फेरीत कुणी रागावून उठलं तर त्याच्या गाडीला ढकलत न्यायचं काम आई करायची.

आणखी एक नियम दोन वर्षांपूर्वी बाबांनी आणला. आपला फासा आपण वाचायचा नाही, डावीकडे बसलेल्याने वाचायचा. कारण दादा. दादा लहानपणापासून फासा 'कलला' म्हणून पुन्हा टाकतो, चारचे पाच वाचतो आणि वर हात दाखवून शपथ घेतो. बाकी आमच्या घरात लबाडीला मनाई नाही. काड्या चोरा, दुसऱ्याचं लक्ष उडवा, गाडीला कोपर लावा, पकडले गेलात तर शिव्या खा. पण फाशाचा आकडा खोटा सांगायचा नाही. बाबा म्हणत, "कंडक्टरने घंटी खोटी दिली तर ड्रायव्हर काय करणार?" तेव्हा आम्हाला वाटलं, म्हातारपणी माणूस किती न्यायी होतो. मी तर मैत्रिणींना कौतुकाने सांगितलं होतं.

माझी गाडी गुलाबी आहे. मूळची निळी मी चौदाव्या वर्षी रागाने गच्चीवरून फेकली. पुढे धंद्यात पडल्यावर कवळीच्या हिरडीसाठी जो गुलाबी मसाला वापरतात, त्याची एक ओतून घेतली. सगळे तिला 'हिरडी' म्हणतात. दादाची हिरवी, आईची पिवळी, बाबांची लाल. बाबांची लाल गाडी गेल्या दोन वर्षांत किती वेळा हरली ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. तो माणूस पटावर पिसाटासारखा गाडी हाणतो. खऱ्या रस्त्यावर कधी साठाच्या पुढे गेला नाही, पण पटावर वळण दिसलं की तिसरा गिअर टाकतो आणि नेमका लाल घरात जाऊन बसतो. आम्ही त्याला नशीब म्हणायचो. पट त्यांना पाठ होता हे आमच्या लक्षात यायला हवं होतं.

रविवारी दुपारी आम्ही बसलो. दादाने आदल्या दिवशी सरासऱ्या काढून आणल्या होत्या. तीन फाशांची सरासरी साडेदहा, दोनची सात. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी पुढे पळतो, तू त्यांच्या पुढ्यात गाडी घालून रस्ता अडव. आपल्यापैकी एक पोचला म्हणजे झालं." मला पटलं. बाबांनी किल्ली खिशातून काढली आणि शेवटच्या रेषेवर ठेवली. चामड्याच्या पट्टीत अडकवलेली, घासून पांढरी पडलेली किल्ली.

आई नेहमी बाबांच्या डावीकडे बसते. त्या दिवशी ती खुर्चीत टेकली, उठली आणि मला म्हणाली, "तू बस इथे. मला ऊन लागतंय." मी बसले.

पहिली फेरी नेहमीसारखी गेली, म्हणजे आरडाओरड्यात. दादा आकडे मोजून पुढे निघाला. आई पहिल्या गिअरमध्ये, प्रत्येक घरावर कुणी उतरतंय का ते बघत असल्यासारखी. मी बाबांच्या पुढ्यात हिरडी आडवी घातली तर ते 'पों' म्हणून बाजूने निघून गेले आणि जाता जाता माझी एक काडी उचलली. मी ओरडले. त्यांनी परत केली. सगळं आलबेल होतं.

मग 'बाटलीच्या माने'जवळ, जिथे रस्ता अरुंद होतो, बाबांनी दोन फासे टाकले. माझं लक्ष दादाच्या हातांकडे होतं, तो पुन्हा काहीतरी कलंडवायच्या बेतात होता. मी फाशांकडे अर्धवट बघितलं आणि म्हणाले, "सात."

बाबांनी बोट टेकवत सात घरं मोजली आणि गाडी ठेवली. तेव्हा मी पुन्हा फाशांकडे बघितलं. पाच आणि तीन. आठ.

आता हे नीट समजून घ्या. माझ्या बापाला कुणी एक घर कमी दिलं तर तो खालच्या मजल्यावरचे लोक वर येईपर्यंत ओरडतो. एकदा मी चुकून त्यांची गाडी अर्धं घर मागे सरकवली होती, तर त्यांनी दोन दिवस मला 'पाकीटमार' म्हणून हाक मारली. आणि आता आठचे सात झाले, फासे त्यांच्या नाकासमोर पडलेत, आणि ते पुढच्या वळणाकडे तोंड करून दादाला चिडवतायत. मला वाटलं, चुकून झालं असेल. मी आकडा तसाच सोडला.

पुढच्याच डावात त्यांचा एक फासा टेबलावरून उडाला आणि खाली त्यांच्या चपलेसमोर पडला. लालभडक गालिचा, पांढरा फासा. "कुठे गेला?" बाबा म्हणाले. त्यांनी मान जराशी वाकडी केली, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. गेली दोन वर्षं ते असेच मान वाकडी करून बघतात. आम्ही त्याला अक्कड म्हणायचो. दादा तर त्यांची नक्कल करून दाखवायचा, आणि मी हसायचे.

आईने वाकून फासा उचलला आणि टेबलावर ठेवला. माझ्याकडे तिने बघितलंच नाही.

त्यांना फासा दिसत नव्हता. फासा दिसत नव्हता म्हणजे सिग्नल दिसत नव्हता, बाकडं दिसत नव्हतं, त्या गिऱ्हाइकाचे गुडघे दिसले नव्हते. आणि हा माणूस रोज सकाळी आईला शेजारी बसवून भाजी आणायला जात होता. माझ्या डोक्यात एकामागून एक सगळं बसत गेलं आणि मला इतकी भीती वाटली की माझा डाव आला तेव्हा मी फासे टाकायचेच विसरले.

"झोपलीस का?" बाबा म्हणाले. "हिरडीला सूज आली वाटतं."

दुसऱ्या फेरीत दादाची सरासरी त्याच्या मदतीला आली नाही. साडेदहाच्या हिशोबाने त्याने मानेत तिसरा गिअर टाकला आणि सोळा पडले. त्याच्या उजव्या हाताला फासा पुन्हा कलला असावा, पण वाचणारी आई होती. पाच घरं पुढे, काड्या चार. "उतरा," आई म्हणाली. दादा विम्याच्या माणसाचा चेहरा करून उठला आणि चहा करायला स्वयंपाकघरात गेला. भांड्यांच्या आवाजावरून राग कळत होता.

आता उरलो आम्ही तिघं. आई फार मागे. मी मधे. बाबा शेवटच्या वळणाच्या तोंडाशी, तिसऱ्या गिअरमध्ये, हातात एकच काडी. वळणाची लाल घरं त्यांच्यापासून सातव्या घराला सुरू होत होती आणि दहाव्याला संपत होती. सात, आठ, नऊ, दहा, यांतलं काहीही पडलं तर ते वळणात नीट बसणार आणि पुढच्या डावात रेषा पार. मग न्हाव्याकडे, भाजीला, कुठेही, आणि किल्ली हा शब्द पुन्हा काढायचा नाही. माझ्या बापाने दिलेला शब्द मोडायची सोय आमच्या घरात नव्हती. आम्ही दिलेला तर नाहीच नाही.

बाबांनी तिन्ही फासे दोन्ही हातांत खुळखुळवले आणि टाकले.

चार. तीन. दोन.

मी बघितलं. आईनेही बघितलं. नऊ, स्वच्छ नऊ. बाबा मान वाकडी करून माझ्याकडे बघत होते, आकड्याची वाट बघत. तोंडावर शर्यत जिंकणाऱ्याचं हसू. मला तेव्हा त्यांची इतकी माया आली आणि स्वतःची इतकी लाज वाटली की दोन्ही मिळून आवाज फुटेना. पण फुटला.

"बारा, बाबा. पाच, चार, तीन."

हसू तिथेच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "बारा?"

"बारा."

त्यांनी तोंड आईकडे वळवलं. "कंडक्टर?"

स्वयंपाकघरात दादाने झाकण आपटलं. आई पिवळ्या गाडीचं चाक बोटाने फिरवत होती. "तिने वाचलं ना," ती म्हणाली. "डावीकडच्याने वाचायचं. नियम तुमचाच आहे."

बाबांनी चाचपून एकेक फासा उचलला, सावकाश, आणि डबीत टाकला. बारा म्हणजे वळणापुढे दोन घरं, आणि काडी एक. त्यांनी लाल गाडी स्वतःच्या हाताने पटावरून उचलली आणि बाजूला ठेवली.

"गेलो," ते म्हणाले.

पुढच्या चार डावांत मी रेषा ओलांडली. एकटीच. आईने तिसऱ्या डावात फासे टाकायचे थांबवले होते. जिंकल्यावर मला किल्ली उचलवेना, तर बाबांनीच ती उचलून माझ्या हातात दिली आणि तळवा मिटवला. "चांगली चालवलीस," ते म्हणाले. दादा चहा घेऊन आला, त्याला वाटलं आपल्या सरासरीनेच काम केलं, आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला दोन दिवस दुखली.

कप विसळायला मी आत गेले तर आई ओट्याला टेकून उभी होती.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"दोन वर्षं," आई म्हणाली. "दोन वर्षं मी शेजारी बसून बोलतेय. लाल. हिरवा. सायकल. बाई येतेय पोराला घेऊन. एक घंटी, दोन घंट्या. त्या दिवशी मला शिंक आली गं. शिंकले, तेवढ्यात न्हावी आला."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस? आई, एखादं माणूस मेलं असतं!"

"कळतं मला. माझ्या डोळ्याला डोळा नव्हता." तिने फडका पिळला, तो कोरडाच होता. "शपथ घातली होती त्यांनी. कुणाला सांगायचं नाही. कंडक्टर ड्रायव्हरची तक्रार करत नाही म्हणे."

"मग आज?"

"आज मी फक्त खुर्ची बदलली."

"ऊन लागत होतं म्हणालीस."

"ढग होते सकाळपासून." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मला त्यांना खोटा आकडा सांगता आला नसता. म्हटलं, तुला येईल. लहानपणापासून तुझं तोंड तसं चांगलं चालतं."

एवढं प्रशस्तिपत्रक मला माझ्या आईने आयुष्यात दिलं नव्हतं. मी हसले आणि रडले, आणि ती म्हणाली की कप आधी विसळ.

दोघींनी ठरवलं की बाबांना काही सांगायचं नाही. डोळे गेले म्हणून किल्ली गेली, यापेक्षा शर्यत हरलो म्हणून गेली, हे बरं. हरण्यात तेवढी नामुष्की नाही. हरलेला माणूस फाशाला शिव्या देऊ शकतो. डोळ्यांना शिव्या देऊन काय मिळणार?

गंमत म्हणजे त्यानंतर चार दिवसांत बाबा आपणहून डॉक्टरकडे जायला तयार झाले. दोन वर्षं दवाखान्याचं नाव काढलं की ते बाथरूममध्ये जाऊन बसायचे. आता किल्लीच गेली होती, तेव्हा डॉक्टर आणखी काय काढून घेणार? मी सुट्टी घेतली आणि त्यांचीच गाडी काढली. आई मागे बसली. बाबा तिच्या जागेवर, माझ्या शेजारी, आणि गाडी सुरू झाल्यापासून त्यांचं तोंडही सुरू झालं.

"क्लच सोड. सोड! अंडं उबवतेस का त्यावर?"

"सोडलाय, बाबा."

"आवाज ऐक गाडीचा. रडतेय ती. दुसरा टाक."

डॉक्टरीणबाई तरुण होती आणि तिने काही लपवलं नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय, ती म्हणाली. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. औषधाने आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही. गाडी अजिबात चालवायची नाही.

"म्हणजे ओव्हरटेक करणारे दिसणार," बाबा म्हणाले, "आणि ज्याच्यावर आदळायचं तो नाही."

"साधारण तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाली. तिला हसावं की नाही ते कळेना.

परत येताना बाबा क्लचबद्दल काही बोलले नाहीत, तेव्हा मला काळजी वाटली. आई मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपली होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती गाडीत झोपली असेल. मोठ्या चौकाच्या अलीकडे गाड्यांची रांग होती आणि आम्ही तिच्या शेपटाला थांबलो.

"किती होते?" बाबांनी विचारलं.

"काय किती होते?"

"माझे. शेवटच्या वळणावर."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. "बारा. सांगितलं ना तेव्हा."

"तू 'बारा, बाबा' म्हणालीस. आजवर माझा आकडा वाचताना तू कधी बाबा म्हटलेलं नाहीस. तू 'भोगा आता' म्हणतेस, नाहीतर 'घ्या' म्हणतेस." त्यांनी उजवा अंगठा वर केला आणि स्वतःच्या डोळ्यांसमोरून जरा बाजूला धरला, जिथे त्यांना तो दिसतो. "फासे उचलताना वरून हा फिरवला. खड्डे आहेत त्यांना. चार, तीन, दोन."

माझा चेहरा तापला. चाळीस वर्षांची बाई, आणि काडी चोरताना पकडल्यासारखी बसले होते. "बाबा, मला..."

"नऊ म्हणजे मी जिंकलो होतो."

"हो."

"नुसतं हो नाही. नीट म्हण."

"तुम्ही जिंकला होता बाबा. खणखणीत. मी लबाडी केली."

"हं." ते सीटवर मागे टेकले. त्यांच्या तोंडावर समाधान पसरलं, निर्लज्ज, आख्खं. "म्हटलं, पट आपल्याला कधी फसवत नाही."

"मग तेव्हा बोलला का नाहीत? किल्ली तुमची होती."

"बोललो असतो तर चालवावी लागली असती ना," ते म्हणाले. "मला काय हौस आहे? दोन वर्षं सकाळी किल्ली फिरवायच्या आधी मी कंडक्टर बसलीय का ते दोनदा विचारायचो. मधे काहीच नसतं गं, धुकं असतं नुसतं, आणि त्यातून कंडक्टरचा आवाज येतो. त्या न्हाव्याकडच्या माणसाचे मला गुडघेसुद्धा दिसले नाहीत. किंचाळलेला ऐकू आला फक्त. पण आपणहून किल्ली काढून कशी द्यायची, तेच येत नव्हतं. ते शिकवत नाहीत डेपोत."

रांग थोडी सरकली, मी सरकले, पुन्हा थांबले. आता आमच्या पुढे कुणी नव्हतं, फक्त चौक होता.

"पण आकडा खोटा सांगायचा नव्हता," बाबा म्हणाले. यात चेष्टा नव्हती. "बाकी काहीही केलं असतंस तरी चाललं असतं. मला आता कुणीतरी सांगेल तेच खरं धरायचंय. मरेपर्यंत. भाजीवाल्याने परत दिलेल्या पैशांपासून ते या गोळ्यांच्या रंगापर्यंत. आणि सगळ्यात आधी खोटं कुणी सांगितलं, तर तू."

"पुन्हा नाही सांगणार."

"बघू."

ते समोर बघत होते, म्हणजे मान वाकडी करून चौकाच्या बाजूला. मागे आई घोरत होती. मग त्यांनी घसा साफ केला आणि मला, त्यांच्या मुलीला, आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "सिग्नल काय आहे?"

"लाल आहे."

"खरं?"

"खरं, बाबा."

मागच्या गाडीवाल्याने उगाचच हॉर्न दिला. बाबांनी मांडीवर तळवा टेकवला आणि म्हणाले, "मग थांब."